चालतंय ते मोडायचं कशाला?

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकपेक्षा जास्त माणसं कुणी जागच्या जागी थांबवली असतील, तर ती जाळीताईने.

स्टोअरच्या खिडकीला लोखंडी जाळी होती, जाळीत हात जाईल एवढं चौकोनी भोक होतं आणि भोकाच्या पलीकडे गेली सतरा वर्षं ही बाई बसलेली होती. त्यावरून नाव पडलं जाळीताई. वय त्रेचाळीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन, आणि कायदा एकच: जुना दाखव, नवा घे. फॅनबेल्ट हवाय? तुटलेला आण. ब्रेकचं लायनर हवंय? जुनं खिडकीवर ठेव. साधा बोल्ट मागायला आलेल्या मेकॅनिकलासुद्धा ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "मोडला की झिजला?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नव्हतं. मोडला म्हणावं तर "कुणी मोडला?" आणि झिजला म्हणावं तर "चार महिन्यांपूर्वी दिलाय. इतक्यात कसा झिजला? गाडी चालवता की किसता?"

एकदा एक ड्रायव्हर हॉर्न घेऊन आला. म्हणाला, "ताई, वाजत नाही." ताईने हॉर्न घेतला, कोपऱ्यातल्या बॅटरीला दोन वायरी लावल्या आणि असा वाजवला की गाडीखाली झोपून काम करणारे तिघे डोकं आपटून बाहेर आले.

"वाजतोय की."

"इथे वाजतो हो ताई. गाडीत वाजत नाही."

"मग गाडी बदलून घे. ती माझ्याकडे मिळत नाही."

आणि त्याच्या चिठ्ठीवर लाल पेनाने तिरपं लिहिलं: "गरज नाही. परत." खाली सही, तारीख. ही तीन शब्दांची ओळ तिने आयुष्यात स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिली असेल.

लोक म्हणायचे, माल काय हिच्या बापाच्या घरचा आहे? अरे बाबांनो, बापाच्या घरचा असता तर वाटून टाकला असता! बापाचा माल उधळणारे गल्लोगल्ली सापडतात. सगळ्यांचा माल आपला समजून राखणारं माणूस शोधायला मात्र कंदील घेऊन फिरावं लागतं, आणि सापडलं की त्याला आपण खडूस म्हणतो.

आता अशा बाईला मोठी खुर्ची द्यायला नको? स्टोअरप्रमुखाची जागा सात वर्षं रिकामी होती. काम सगळं ताईच करायची, सही फक्त मॅनेजरसाहेबांची. तिने अर्ज दिला होता. साहेब वाईट माणूस नव्हते. ते नुसते "बघू" म्हणायचे. पहिल्या वर्षी "बघू", तिसऱ्या वर्षी "बघू ना", पाचव्या वर्षी "बघतोय". सात वर्षांत एवढं बघून झालं की एखाद्याला मोतीबिंदू झाला असता.

शेवटी तिने आशा सोडली आणि तिथेच धाकट्या बहिणीने तिला गाठलं.

धाकटी एका गुंतवणूक सल्ल्याच्या कंपनीत होती. काचेचं ऑफिस, गार हवा, फिरती खुर्ची. "ताई, तुझ्यासारखी हिशेबी बाई नट-बोल्ट मोजत बसलीय! एक परीक्षा दे. पुढचं मी बघते."

"बघते" म्हटल्यावर ताईच्या कपाळावर आठी आली. पण धाकटीने खरंच फॉर्म आणला, फी भरली, पुस्तकं आणून दिली. सहा महिने जाळीताई ऑइलच्या पिंपाला टेकून, डब्यातली भाजी पुस्तकावर सांडत, चक्रवाढ व्याज शिकली. परीक्षेच्या दारात पर्यवेक्षक म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." ती म्हणाली, "पालक घरीच थांबलेत. वय ब्याऐंशी." आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसली. शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळाले. शेजारी बसलेल्या, कालपरवा मिसरूड फुटलेल्यांना साठ.

कंपनीचं पत्र आलं. आधी तीन शनिवार नुसतं येऊन बसून बघा, त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा, एक तारखेला रुजू व्हा. हुद्दा: वरिष्ठ संपत्ती सल्लागार.

"वरिष्ठ" हा शब्द तिने तीनदा वाचला. डेपोने जो सात वर्षांत दिला नाही, तो या लोकांनी पाऊल टाकायच्या आधीच दिला होता.

"आणि तिथे कनिष्ठ कोण असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, आई. सगळे वरिष्ठच आहेत."

"मग पाणी कोण भरतं?"

आता खरी पंचाईत सुरू झाली. डेपोचा पगार ठरलेला, निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षं उरलेली. कंपनीचा पगार अर्धा ठरलेला, अर्धा कमिशनवर. जमलं तर दुप्पट, नाही जमलं तर कपाळ. एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडत नव्हतं, आणि बंद केलेलं परत उघडणार नव्हतं. पण पैशापेक्षा दुसरीच गोष्ट तिला आतून कुरतडत होती. सतरा वर्षं आपण नुसतं "नाही" म्हणत एका भोकामागे बसलो. आपल्या अंगात एवढंच आहे, की आणखी काही आहे? हे आत्ता कळलं नाही तर कधीच कळणार नाही.

नवऱ्याला विचारलं. तो झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करायचा. स्वभावही तसाच, समोर जे ठेवाल त्याचीच प्रत काढून द्यायचा.

"अहो, जाऊ का?"

"जा की."

"का राहू?"

"राहा की. तुला वाटेल ते कर."

"मला काय वाटतंय तेच तर विचारतेय!"

"तेच म्हणतोय मी. तुला वाटेल ते."

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तू सगळ्या जगाला विचारतेस, आता स्वतःला विचार. तुझ्या नोकरीला काय झालंय? मोडली की झिजली?"

ताई म्हणाली, "गंजली."

हा पर्याय तिने सतरा वर्षांत कुणाला दिला नव्हता.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी तिने डेपोच्या ऑफिसात सहज विचारलं, "राजीनामा द्यायचा झाला तर किती दिवस आधी द्यावा लागतो?" कारकुनाने ते शिपायाला सांगितलं, शिपायाने टायरवाल्यांना, आणि वाटेत "झाला तर" कुठेतरी गळून पडलं. दुपारी फोरमन खिडकीशी आला. नवीन ऑइल सील मागायला आला होता, पण जुनं हातात घेऊनच. डोळे पाणावलेले.

"ताई, तुम्ही जाणार म्हणे."

"ठरलं नाहीये अजून."

"नाही, ठीक आहे. माणसाने पुढे गेलं पाहिजे." असं म्हणताना त्याचा चेहरा दुःखी होता, पण नजर ताईच्या खांद्यावरून मागच्या रॅककडे गेली होती, जिथे कोरे करकरीत ब्रेकचे सेट रांगेने बसले होते. संध्याकाळपर्यंत वर्गणी जमली. लग्नाला वर्गणी द्यायला चार दिवस लावणारी माणसं, पण या कामाला एका तासात पैसे गोळा झाले! सोमवारी जेवणाच्या सुट्टीत निरोप समारंभ ठरला. ताई "अहो थांबा" म्हणेपर्यंत केकची ऑर्डर गेली होती.

तिकडे कंपनीतले ते तीन शनिवार सुरू होतेच. पहिले दोन छान गेले होते. फिरती खुर्ची होती. पहिल्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून तिने एक अख्खी गिरकी घेतली, आणि काचेच्या केबिनमधून शाखाप्रमुखांनी ती पाहिली. शाखाप्रमुखांना सगळे सेंटवाले साहेब म्हणायचे, कारण ते यायच्या आधी त्यांचा वास यायचा आणि ते गेल्यावरही अर्धा तास बसून राहायचा. ते गोड हसले आणि म्हणाले, "एन्जॉय करा मॅडम." सतरा वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हटलं. खोटं कशाला बोलायचं, बरं वाटलं तिला. दिवसभर ती मनातल्या मनात तो शब्द चघळत होती.

तिसऱ्या शनिवारी सकाळीच धाकटी हसत आली. "ताई, साहेब खूश आहेत तुझ्यावर. आज पहिली केस तुझ्याकडे. एक रिटायर्ड नर्सबाई येतायत. महिनाभर मागे लागलेय मी त्यांच्या. आज तुझ्या हातून पहिली ठेव मोडायची!"

"काय मोडायची?"

"ठेव गं. मुदत ठेव. मोडायची आणि आपल्या योजनेत टाकायची. फॉर्म मी भरून ठेवलाय, तीन प्रती. तू नुसती सही घे."

तशी ताई पुस्तकात ठेवी मोडायला शिकली होती, त्यावर चार मार्कांचा प्रश्नही सोडवला होता. पण छापील शब्द वेगळा आणि कानावर पडलेला वेगळा. तिच्या खिडकीवर "मोडणे" हा शब्द आला की पाठोपाठ चौकशी यायची.

नर्सबाई आल्या. उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "ठेव मोडायची आहे असं फोनवर सांगितलं मला."

आणि जाळीताईच्या तोंडून, तिला न विचारता, बाहेर पडलं, "जुनी दाखवा."

नर्सबाईंनी पावती काढून दिली. ताईने ती उजेडाकडे धरली, पालथी करून पाहिली, चष्मा नाकावर खाली ओढला.

"काय होतंय हिला?"

"काही नाही."

"आवाज करते?" ताईने विचारलं आणि जीभ चावली. "म्हणजे, व्याज वेळेवर येतं ना?"

"ठरल्या तारखेला. आठ वर्षांत एकदाही चुकलं नाही."

"अडचण आहे काही? आजारपण, घराचं काम?"

"मुळीच नाही."

"दहा वर्षांची आहे. आठ झाली. आत्ता मोडली तर दंड बसेल आणि एवढा व्याजदर परत कुठे मिळणार नाही. योजनेत पैसे वर जातील तसे खालीही येतील. मग चालतंय ते मोडायचं कशाला?"

"अहो, मीही तेच विचारतेय महिनाभर!" नर्सबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "ती पोरगी दिवसातून दोनदा फोन करते. शेवटी म्हटलं, एकदा मोडून टाकते, म्हणजे फोन तरी थांबेल."

ताईने तीनही फॉर्म पुढे ओढले. पर्समधून पेन काढलं. लालच होतं, दुसरं तिच्याकडे असायचं कुठलं? आणि पहिल्या प्रतीवर, दुसऱ्या प्रतीवर, तिसऱ्या प्रतीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं लिहिलं: "गरज नाही. परत." सही. तारीख. फॉर्म नर्सबाईंच्या हातात दिले आणि सवयीने म्हणाली, "पुढचा कोण?"

पुढचं कुणी नव्हतं. पुढे काच होती आणि काचेपलीकडे सेंटवाले साहेब उभे होते.

केबिनमध्ये बोलावणं आलं. धाकटी दाराशी, तोंड पांढरं. साहेब मात्र चिडले नाहीत. चिडणारा साहेब परवडतो, हसणाऱ्यापासून जपावं.

"मॅडम, कंपनीच्या फॉर्मवर आजपर्यंत कुणी लाल पेनाने लिहिलं नव्हतं."

"निळं नव्हतं माझ्याकडे."

"प्रश्न रंगाचा नाही. एक लक्षात घ्या, इथे 'नाही' म्हणायचे पैसे मिळत नाहीत."

"आम्हाला मिळतात," ताई म्हणाली. "सतरा वर्षं त्याचाच पगार घेतेय."

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. हे तिने याआधी कधी असं ऐकलं नव्हतं, स्वतःच्या तोंडूनसुद्धा. ज्याची तिला एवढी वर्षं लाज वाटत होती, ते कामच होतं की! "हो" म्हणायला खिडकी लागत नाही, भोक असलं तरी पुरे. "नाही" म्हणायला मात्र माणूस ठेवावं लागतं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "पण मला सांगा, ती बाई जाताना तुमचा हात हातात घेऊन गेली. पाहिलं मी. विश्वास! मॅडम, ही देणगी आहे. असं करू. एखाददुसऱ्या लहान केसला 'नाही' म्हणायचं. लोक म्हणतील, काय प्रामाणिक बाई आहे! मग मोठी ठेव घेऊन येतील. ती मोडायची. ठरलेला पगार मी वाढवून देतो."

जाळीताईने आयुष्यात अनेक बनवाबनव्या पाहिल्या होत्या. काळा रंग मारून जुनं म्हणून पुढे केलेलं लाकडी बेअरिंग पाहिलं होतं. एकाच तुटक्या बेल्टवर तीन वेळा मागणी करणारे महाभाग पाहिले होते. पण तिच्या "नाही"लाच गळाला लावून मासे धरायचे, ही अक्कल डेपोत कुणाला सुचली नव्हती. कानशिलं तापली तिची.

"साहेब, आमच्याकडे चोऱ्या होतात," ती उठत म्हणाली, "पण चोर निदान माझ्या खिडकीबाहेर उभा असतो. तुम्ही त्याला आत खुर्ची देताय, आणि वर मलाच बसायला सांगताय."

जिन्यात धाकटीने गाठलं. "ताई, तू माझं नाक कापलंस! शब्द टाकला होता मी तुझ्यासाठी!"

"छोटे, त्या बाईला दिवसातून दोनदा फोन करत होतीस?"

"कामच आहे ते माझं! मला काय हौस आहे? महिन्याचा आकडा नाही झाला तर मला कोण विचारतं?" तिचा आवाज फाटला. "तुझं बरं आहे. तू नाही म्हण आणि घरी जा. जा, बस आयुष्यभर त्या जाळीत!"

हे मात्र लागलं. साहेबाचं बोलणं अंगावरून गेलं होतं, बहिणीचं आत गेलं. ताईने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, तो धाकटीने झटकला, आणि ताई एकटीच खाली उतरली.

रविवारभर ती घरात भांडी आपटत होती. आपण तत्त्वासाठी परत चाललो की भीतीने? नवीन जागी पाय घसरला म्हणून तर जुनी जागा गोड वाटत नाही ना? पत्र टेबलावर पडलं होतं. वरिष्ठ, अजूनही.

"आई, मी घाबरून मागे फिरतेय का हो?"

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळपासून दोन कप फुटलेत. घाबरलेल्या माणसाच्या हातून एक फुटतो."

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तिकडे नको जाऊस."

दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

"काय म्हणालात?"

"तिकडे नको जाऊस, म्हटलं. पण इकडेही अशी बसू नकोस. सात वर्षं झाली." आणि एवढं बोलून दमल्यासारखा तो पुन्हा पेपरात शिरला.

सोमवारी सकाळी तिने कंपनीला नकार कळवला आणि डेपोत गेली. समारंभ थांबवायचा म्हणून लवकरच निघाली होती, पण मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये, फोरमन केक आणायला गेलेला. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉप झाडून, दोन बसच्या मध्ये टेबल मांडून, पन्नास माणसं उभी. कुणीतरी भिंतीवर तिचं नाव खडूने लिहिलं होतं आणि पुढे "मॅडम". तिला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, "अहो, ऐका तरी." फोरमन म्हणाला, "ताई, आज तुम्ही बोलायचं नाही. आज आम्ही." एवढ्यात मॅनेजरसाहेब उठले.

ती सांगणार होती, अगदी तोंड उघडलं होतं. पण साहेबांचं पहिलंच वाक्य कानावर पडलं आणि तिने तोंड मिटलं.

"हे स्टोअर म्हणजे या डेपोचा कणा आहे," साहेब म्हणाले, "आणि गेली सात वर्षं स्टोअरप्रमुखाचं सगळं काम, मी सांगतो, सगळं काम, या बाईंनी एकटीने केलं. तक्रार न करता." मागून कुणीतरी खोकलं. "यांच्याइतकी त्या पदाला योग्य व्यक्ती मी माझ्या नोकरीत पाहिली नाही."

माणूस जाणार म्हटलं की जीभ किती सैल सुटते! साहेब दहा मिनिटं बोलले. आकडे दिले, प्रसंग दिले, हॉर्नचाही दिला. ताई एकेक शब्द झेलत होती. इतकं ऐकायला सात वर्षं थांबलेलं माणूस मध्येच कशाला थांबवेल? तिने त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. टाळ्या वाजू दिल्या. मग उठली.

"साहेब, आभार. मी कुठेही जात नाहीये. राजीनामा दिलेलाच नाही."

पन्नास चेहऱ्यांवर जे दुःख आत्तापर्यंत दाखवायला होतं, ते आता खरंखुरं उतरलं. एक मेकॅनिक हळूच खिशातला नवा कोरा बोल्ट शेजाऱ्याच्या खिशात ढकलू लागला. फोरमनच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

"नाही... म्हणजे... उत्तमच," मॅनेजरसाहेब घाम पुसत म्हणाले. "आनंदच आहे. मग हे भाषण वगैरे..."

"खरं होतं ना?"

"अर्थातच! म्हणजे काय?"

"पन्नास जणांनी ऐकलं." ताईने चहूकडे पाहिलं. पन्नास माना खाली गेल्या, पण हलल्या होकारार्थीच. "मग जे बोललात ते माझ्या अर्जावर लिहून द्या. जसंच्या तसं. 'सगळं काम' आणि 'योग्य व्यक्ती' हे शब्द राहू द्या."

"हो हो, बघू ना आपण..."

"तुम्ही बघा, साहेब, सावकाश बघा. मी बसलेय." आणि तिने खुर्ची ओढून त्यांच्या ऑफिसच्या दारातच टाकली.

साहेबांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमनने आधी मागच्या रॅककडे पाहिलं, मग ताईकडे, आणि एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाला, "लिहा साहेब. नाहीतर आज एकही गाडी बाहेर पडायची नाही. स्टोअरची किल्ली ताईंकडेच आहे."

साहेब आत जाऊन लिहायला बसले. दोन ओळी लिहून त्यांनी कागद दाखवला. ताईने चष्मा नाकावर ओढून वाचला आणि परत दिला.

"'तक्रार न करता' एवढं काढा," ती म्हणाली. "ते खोटं आहे."